संपाच्या दिवसांतली खाणावळ
(मोठ्या गटासाठी वाचनपाठ)



मागच्या महिन्यात आपण 'बाजार' हा धडा वाचला. त्यातल्या चित्रात किराणा दुकानाच्या भिंतीवर एक पाटी होती : 'आज रोख, उद्या उधार'. ती वाचून तुमचे आईबाबा हसले असते. तुमच्यापैकी कोणी हसले नाही. एकाने सरळ विचारले, "काकू, मग उद्या गेलं तर उधार मिळेल का?" मी म्हटले, उद्या गेलात तरी पाटी तीच असणार, म्हणजे उधार कधीच नाही! त्यावर मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, "उधार द्यायचंच नसेल तर पाटी कशाला लावायची? देत नाही म्हटलं की झालं."

हा प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर तेव्हा दोन वाक्यांत देता आले नाही, म्हणून हा पाठ लिहिला आहे. पाटी लावावी लागते, कारण गिऱ्हाईक रोज उधार मागते. आणि पाटी लावूनही दुकानदार ओळखीच्या माणसाला उधार देतोच. त्याच्या गल्ल्याशेजारी एक लांबट वही असते, तिच्यात प्रत्येक घराचे पान असते. पैसे कधी येतील याची खात्री नसताना तो माल का देतो? तो मूर्ख आहे का? की फार दयाळू आहे? आज आपण मुंबईतल्या एका छोट्या धंद्याची हकिकत पाहू आणि मग उत्तर शोधू.

आधी तीन शब्द

मराठीत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत.

उसने : शेजारणीकडून वाटीभर साखर आणली आणि दोन दिवसांनी तेवढीच परत केली. यात व्याज नाही, वही नाही.

उधार : दुकानातून माल आज आणला, पैसे पगार झाल्यावर दिले. यात बहुधा व्याज नसते, पण वही असते.

कर्ज : सावकाराकडून किंवा बँकेकडून रोख पैसे घेतले. यात व्याज असते, मुदत असते आणि काहीतरी गहाण किंवा कोणीतरी जामीन असतो.

हे तिन्ही शब्द पुढे येणार आहेत. कोणता कुठे येतो याकडे लक्ष ठेवा.

गिरणगाव

मुंबईत कापसाची पहिली गिरणी १८५० नंतरच्या दशकात उभी राहिली. पुढच्या काळात परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, शिवडी, वरळी, लोअर परळ या भागांत इतक्या गिरण्या झाल्या की त्या सगळ्या भागालाच गिरणगाव म्हणू लागले. कोकणातून, सातारा आणि कोल्हापूरकडून, घाटावरच्या कितीतरी गावांतून माणसे इथे कामाला आली.

मुंबईत जागा महाग, म्हणून बहुतेकांची बायकामुले गावीच राहत. चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा, कधी त्याहूनही जास्त गडी राहत. गिरणी तीन पाळ्यांत चाले. एक पाळी कामावर गेली की दुसऱ्या पाळीचे लोक त्याच जागेवर अंथरूण टाकत. अशा खोलीत चूल कोण पेटवणार? आणि बारा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करणार कधी?

म्हणून खाणावळ. खाणावळ म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर टेबल-खुर्च्या आणि पाटी येईल. गिरणगावातली खाणावळ तशी नव्हती. एखाद्या चाळीत एका खोलीत राहणारी बाई स्वतःच्याच चुलीवर दहा, वीस, कधी तीस माणसांचे जेवण करी. कोणाचा नवरा आजारी पडून घरी बसलेला, कोणाचा वारलेला, कोणाची स्वतःचीच गिरणीतली नोकरी गेलेली. गिरण्यांत पूर्वी बायका बऱ्याच होत्या, पुढे त्यांची संख्या कमी कमी होत गेली. हाताशी भांडवल नाही, शिक्षण नाही. स्वयंपाक मात्र येत होता. त्याच कौशल्यावर हा धंदा उभा राहिला.

काही कामगार खोलीवर येऊन जेवत, काहींचे डबे गिरणीच्या दारापर्यंत पोहोचवावे लागत. तीन पाळ्यांमुळे चूल पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत पेटलेली. जेवणाचे पैसे मात्र महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर मिळत.

उधारीची साखळी

आता इथे थांबा आणि विचार करा. कामगार महिनाभर जेवतो आणि शेवटी पैसे देतो. पण तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल महिनाभर रोज लागतात. मग बाई पैसे आणते कुठून?

ती वाण्याकडून माल उधार आणते. वाणी घाऊक व्यापाऱ्याकडून उधार आणतो. म्हणजे ही एक साखळीच झाली :

घाऊक व्यापारी – वाणी – खाणावळवाली – कामगार – गिरणी

पगाराच्या दिवशी गिरणीतून पैसे सुटले की ते या साखळीतून उलटे वर चढत जात. कामगार बाईला देई, बाई वाण्याला देई, वाणी व्यापाऱ्याला देई. मग सगळ्यांच्या वह्यांतली पाने कोरी होत आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भरू लागत.

या साखळीत कागदपत्र नव्हते. होती ती पत. 'पत' हा शब्द नीट लक्षात ठेवा. पत म्हणजे 'हा माणूस पैसे बुडवणार नाही' असा लोकांचा भरवसा. पतपेढी, पतपुरवठा हे शब्द यातूनच झाले. खाणावळवालीकडे पैसा नव्हता, पत होती. तिच्या धंद्याचे भांडवल तेच.

भाव वाढले की काय करायचे?

सत्तरच्या दशकाची सुरुवात फार कठीण होती. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. १९७३ मध्ये जगभर खनिज तेलाच्या किमती एकदम चढल्या. १९७४ साली भारतातल्या महागाईचा वार्षिक दर २५ टक्क्यांच्या वर गेला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने हजारो बायका हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. ते लाटणे मोर्चे आजही लोकांना आठवतात.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण तुम्हाला येते. पण अंथरूणच दर महिन्याला आखूड होत असेल तर? खाणावळवाली एकदम दर वाढवू शकत नव्हती. कामगाराचा पगार वाढलेला नसे, आणि शेजारच्या चाळीत दुसरी खाणावळ होतीच. अशा वेळी छोटा धंदा जे करतो तेच तिने केले.

पहिली गोष्ट, दर तोच ठेवायचा आणि ताट बदलायचे. ताज्या मासळीऐवजी सुका जवळा, घट्ट आमटीऐवजी पातळ, दोन भाज्यांऐवजी एक.

दुसरी गोष्ट, माल थोडा थोडा आणायचा. थोडा माल घेतला तर भाव जास्त पडतो हे खरे. पण घरात पोतेभर तांदूळ भरायचा तर एकदम पैसे अडकतात, आणि अडकलेला पैसा अडचणीच्या दिवशी उपयोगी पडत नाही.

तिसरी गोष्ट, घरातल्या सगळ्यांनी राबायचे. मुलगी भांडी घासायची, मुलगा डबे पोहोचवायचा. या कामाची मजुरी कोणी मोजत नव्हते. मित्रांनो, छोटे धंदे 'कमी खर्चात' चालतात असे आपण कौतुकाने म्हणतो. तो कमी खर्च पुष्कळदा असा असतो : एखाद्या मुलीची शाळा सुटलेली असते.

चौथी गोष्ट, दागिने. सोन्याचे मणी, पाटल्या, शेवटी मंगळसूत्र. सण झाला की अंगावर आणि अडचण आली की गहाण. बँकेत खाते नसलेल्या घराची हीच बचत होती.

बेचाळीस दिवस

१९७४ मध्ये गिरणी कामगारांनी संप केला. तो ४२ दिवस चालला. आता वरची साखळी पुन्हा पाहा. तिच्या टोकाला गिरणी आहे. गिरणी बंद, म्हणजे पगार बंद, म्हणजे कामगाराकडून बाईला काही येणार नाही. बाईने काय करावे?

खाणावळवाल्यांनी जेवण बंद केले नाही. त्यांनी दागिने गहाण टाकले, सावकाराकडून कर्ज काढले आणि कामगारांना उधारीवर जेवू घातले. संप टिकला त्यात या चुलींचा मोठा वाटा होता. सभेच्या व्यासपीठावर मात्र त्यांचे नाव कोणी घेत नव्हते.

हे त्यांनी केवळ दयेपोटी केले असे समजू नका. दया होतीच. बरेच जण त्यांच्या गावचे, नात्यातले. पण त्यात धंद्याचा विचारही होता. संप मिटल्यावर हाच कामगार पुन्हा जेवायला येणार होता. आज त्याला उपाशी ठेवले तर उद्या तो दुसरीकडे जाईल आणि जुनी थकबाकीही बुडेल. उधारी चालू ठेवणे हाच मागचे पैसे परत मिळवण्याचा मार्ग होता. दुकानातल्या पाटीचे अर्धे उत्तर इथे मिळाले. उरलेले अर्धे पुढे आहे.

चला, हिशेब करू

पुढचे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. वही-पेन्सिल घ्या.

समजा, एका खाणावळीत २० माणसे जेवतात. प्रत्येकाचे महिन्याला ६० रुपये. म्हणजे जमा १,२०० रुपये. किराणा, भाजी, मासळी, रॉकेल मिळून खर्च १,००० रुपये. उरले २००. त्यातून खोलीचे भाडे, मुलांची फी, औषधपाणी जाऊन महिन्याला ७५ रुपये बाजूला पडतात.

संप सुरू झाला. निम्मे कामगार गावी गेले. उरलेल्या १० जणांच्या जेवणाचा खर्च महिन्याला ५००, म्हणजे ४२ दिवसांचा, साधारण दीड महिन्याचा, ७५० रुपये. जमा शून्य. बाईने हे ७५० रुपये सावकाराकडून काढले. सावकाराने व्याज लावले दरमहा शेकडा दहा.

संप मिटला, पहिल्यासारखी २० माणसे जेवू लागली. ७५० रुपयांवर शेकडा दहाने महिन्याचे व्याज किती? ७५ रुपये. आणि तिच्याकडे बाजूला पडत होते किती? तेही ७५ रुपयेच!

म्हणजे ती दर महिन्याला न चुकता पैसे भरते आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. वर्षभरात तिने सावकाराला ९०० रुपये दिले, तरी ७५० रुपयांचे कर्ज उभेच. कामगारांची थकबाकी हप्त्याहप्त्याने येईल तेव्हाच तिची सुटका, आणि त्यातले काही बुडणारच.

आता हेच ७५० रुपये वर्षाला शेकडा चार दराने मिळाले असते तर? वर्षाचे व्याज ३० रुपये, म्हणजे महिन्याला अडीच रुपये. उरलेले साडेबहात्तर रुपये मुद्दलात जातील. दहा-अकरा महिन्यांत कर्ज संपले.

दोन्ही वेळा बाई तीच, कष्ट तेच, स्वयंपाक तोच. फरक फक्त पैसे कुठून आले याचा. पहिल्या वेळी ती आयुष्यभर सावकारासाठी राबली असती, दुसऱ्या वेळी वर्षाच्या आत मोकळी झाली.

अन्नपूर्णा

शेकडा चार हा दर मी मनाने घेतलेला नाही. १९६९ साली भारत सरकारने १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण केले आणि १९७२ मध्ये गरिबांच्या लहान धंद्यांसाठी वर्षाला शेकडा चार व्याजाची कर्जयोजना आणली. कागदावर सगळे छान होते. पण बँकेत गेले की फॉर्म, जामीन, तारण. चाळीतल्या बाईला बँकेची पायरी चढण्याचेच धाडस होत नसे. आणि बँकेच्या साहेबाला वाटे, जिच्याकडे गहाण ठेवायला काही नाही, ती पैसे कशी फेडणार?

गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये प्रेमा पुरव नावाच्या कार्यकर्त्या होत्या. त्यांनी आधी गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतला होता. संपाच्या काळात खाणावळवाल्यांनी काय सोसले ते त्यांनी जवळून पाहिले. १९७५ मध्ये त्यांनी या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्जे मिळवून दिली.

तारणाचा प्रश्न कसा सोडवला? बायकांचे गट केले. गटातल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या. एकीने हप्ता चुकवला तर सगळ्या गटाची पत जाणार. कोण प्रामाणिक आहे, कोणाची चूल खरोखर चालते, कोण आजारी आहे, हे बँकेला फॉर्मवरून कळत नाही. शेजारणीला मात्र भिंतीपलीकडून कळते. चाळीत जी पत तोंडी होती, ती गटामुळे बँकेच्या कागदावर उतरली.

प्रेमा पुरव यांना २००२ साली पद्मश्री मिळाली. त्यांची कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्यात असेच काम सुरू केले. तिथे भाजीवाल्या आणि इतर छोटे धंदे करणाऱ्या बायकांना कर्जाबरोबर विम्याचीही सोय केली गेली.

संप मिटलाच नाही तेव्हा

आता हकिकतीचा अवघड भाग. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सगळ्यांना वाटले, महिना-दोन महिन्यांत मिटेल. वर्ष गेले, दीड वर्ष गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालू झाल्या नाहीत आणि लाखाहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या.

खाणावळींचे काय झाले? सुरुवातीला १९७४ सारखेच झाले. जेवण चालू राहिले, उधारी वाढत गेली. पण साखळी ४२ दिवस ताणली जाणे वेगळे आणि वर्ष-दीड वर्ष ताणली जाणे वेगळे. कामगार गावी निघून गेले ते परत आले नाहीत. थकबाकी वहीतच राहिली. वाण्याने हात आखडता घेतला, कारण त्याचीही सगळी गिऱ्हाइके गिरणीचीच होती. पत शाबूत होती, पण साखळीतल्या कोणाकडेच पैसा उरला नव्हता. अनेक खाणावळी कायमच्या बंद झाल्या.

ज्या तगल्या त्या का तगल्या? त्यांनी गिऱ्हाईक बदलले. ज्या बायकांनी गिरणीबाहेरची माणसे शोधली, कचेरीतल्या नोकरदारांना डबे दिले, पोळी-भाजी विकायला सुरुवात केली, त्यांची चूल पेटती राहिली. अन्नपूर्णेनेही एकेकीच्या चुलीपुरते न थांबता मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करून कचेऱ्यांना जेवण पुरवण्याचे काम उभे केले. आज लोअर परळला गिरण्यांच्या जागी उंच कचेऱ्या आणि मॉल आहेत. तिथल्या माणसांनाही दुपारी भूक लागतेच.

यावरून काय कळते? १९७४ मध्ये आणि १९८२ मध्ये बायका तितक्याच कष्टाळू होत्या. धंदा टिकणे किंवा बुडणे फक्त कष्टावर ठरले नाही. संकट किती लांबले, आणि साखळीतली सगळी माणसे एकाच गिरणीवर अवलंबून होती का, यावर ते ठरले.

डबेवाले आणि आपले बंदर

असेच २०२० मध्ये पुन्हा घडले. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० पासूनची. त्या वर्षाच्या आरंभी सुमारे पाच हजार डबेवाले घरचे जेवण कचेऱ्यांत पोहोचवत होते. मार्चमध्ये करोनामुळे टाळेबंदी लागली, लोकल गाड्या बंद झाल्या, कचेऱ्या बंद झाल्या. सव्वाशे वर्षांहून जुना धंदा काही दिवसांत थांबला. तेव्हा त्यांना कशाने तारले? बरेच डबेवाले पुणे जिल्ह्यातल्या मावळ, खेड, जुन्नर या भागांतले. गावी थोडी शेती होती. ते गावी गेले आणि भातशेतीला लागले. ज्यांना शेती नव्हती त्यांनी मिळेल ती मजुरी केली. कचेऱ्या उघडल्यावरही अनेकांना पूर्वीइतके डबे परत मिळाले नाहीत, कारण लोक घरून काम करायला शिकले होते.

आणि आपले साउथहॅम्प्टन? आपल्या बंदरातून निघणारी मोठी प्रवासी जहाजे मार्च २०२० मध्ये थांबली. पुन्हा प्रवासी घेऊन जहाज सुटले ते मे २०२१ मध्ये. जहाजाच्या प्रवाशांवर चालणाऱ्या टॅक्सी, छोटी हॉटेले, खाद्यपदार्थांची दुकाने यांची गिरणी म्हणजे ही जहाजेच. त्यांच्यासाठी तो चौदा महिन्यांचा संपच होता.

पण इथे एक मोठा फरक पडला. ब्रिटिश सरकारने घरी बसलेल्या नोकरदारांच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत, मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२१ पर्यंत भरला. छोट्या धंद्यांना सरकारी हमीवर बँकेची कर्जे मिळाली. सगळ्यांचे भागले असे नाही, काही दुकानांच्या खिडक्यांना कायमचे कागद लागले. तरी साखळीत बाहेरून पैसा आला. १९८२ च्या गिरणगावात असा बाहेरचा हात नव्हता.

भारतातही २०२० च्या जून महिन्यात फेरीवाल्यांसाठी सरकारने पहिल्या टप्प्यात १०,००० रुपयांपर्यंत बिनतारण कर्जाची योजना काढली. 'बिनतारण' हा शब्द पाहा. खाणावळवाल्यांना १९७५ साली ज्यासाठी गट बांधावे लागले, तीच ही गोष्ट.

पाटीचे उत्तर

आता त्या दुकानाच्या पाटीकडे परत जाऊ. दुकानदार उधार का देतो? कारण उधारीने गिऱ्हाईक बांधलेले राहते, आणि आज त्याने सांभाळून घेतले तर उद्या त्यालाही कोणी सांभाळून घेते. मग तो पाटी का लावतो? कारण त्याला ठाऊक आहे की सगळी गल्ली एकाच वेळी अडचणीत आली तर त्याची वही त्यालाच बुडवील. वही आणि पाटी, दुकानदाराला दोन्ही लागतात.

छोटा धंदा कसा टिकतो असे कोणी विचारले तर तीन गोष्टी सांगा. आपल्या माणसांत पत हवी. सगळी गिऱ्हाइके एकाच गिरणीची नसावीत. आणि आपल्यासारखाच अडचणीत नसलेला, योग्य व्याजाने पैसे देणारा एक हात साखळीच्या बाहेर हवा. पहिल्या दोन गोष्टी माणूस स्वतः मिळवू शकतो. तिसरी त्याला एकट्याने मिळत नाही. ती मिळवायला चाळीतल्या बायकांना एकत्र यावे लागले.

पुढच्या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जाल तेव्हा गल्ल्यामागच्या माणसाकडे जरा नीट पाहा. त्याच्या डोक्यात एक वही चालू असते.

शब्दार्थ

रोख – लगेच दिलेले पैसे
थकबाकी – द्यायचे राहिलेले पैसे
गहाण – कर्जाच्या बदल्यात सावकाराकडे ठेवलेली वस्तू
तारण – कर्ज बुडू नये म्हणून दिलेली मालमत्तेची हमी
जामीन – दुसऱ्याच्या कर्जाची जबाबदारी घेणारा
मुद्दल – व्याज सोडून मूळ रक्कम
पाळी – कामाची ठरलेली वेळ
घाऊक – मोठ्या प्रमाणावर केलेली खरेदी-विक्री
हात आखडता घेणे – पूर्वीइतके देणे बंद करणे

प्रश्न

१. 'उसने', 'उधार' आणि 'कर्ज' यांतला फरक प्रत्येकी एका वाक्यात लिहा. वाक्य आपल्या घरातले असावे.
२. संपात जेवण चालू ठेवण्यामागे खाणावळवालीची कोणती दोन कारणे होती?
३. बँकेला न कळणारी कोणती गोष्ट शेजारणीला कळते?
४. १९७४ ला ज्या खाणावळी टिकल्या त्यांतल्या काही १९८२ नंतर बंद पडल्या. का?
५. हिशेबाच्या उदाहरणात २० ऐवजी ३० माणसे जेवत होती आणि संपात त्यांतली १५ राहिली असे धरा. ४२ दिवसांसाठी किती कर्ज काढावे लागेल? शेकडा दहाने महिन्याचे व्याज किती?
६. 'घरातल्या मुलांनी धंद्यात मदत करावी का?' दोन्ही बाजूंनी पाच-पाच वाक्ये लिहा. यावर पुढच्या शनिवारी वर्गात बोलू.

घरी करायचे काम

आजी-आजोबांना किंवा मामा-काकांना फोन करून विचारा : त्यांच्या लहानपणी घरात वाण्याची वही होती का? महिन्याच्या शेवटी पैसे कोण द्यायला जाई? एखाद्या महिन्यात देता आले नाहीत तर काय झाले? उत्तर मराठीत दहा ओळींत लिहून आणा. चांगल्या आठवणी पुढच्या अंकात छापू.